बोझमन की मिसूला? दोन डोंगरी विद्यापीठ-गावांचा इतिहास

आजचा विषय वरवर प्रवासाचा वाटेल, पण तो इतिहासाचा आहे. आपल्या श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांची मुले-नातवंडे अमेरिकेत असतात. पहिल्या खेपेला न्यूयॉर्क, नायगारा होते. पुढच्या खेपेला यलोस्टोनचा बेत ठरतो, नकाशा पसरला जातो, आणि मोंटाना राज्यातली दोन गावे समोर येतात. एक बोझमन, दुसरे मिसूला. दोन्ही डोंगरांच्या कुशीत, दोन्ही विद्यापीठांवर जगणारी, मधले अंतर सुमारे ३२० किलोमीटर. हातात दोनच मोकळे दिवस असतील तर जावे कुठे? हा प्रश्न आम्हाला अनेकांनी विचारला आहे. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे सरळ उत्तर देण्याची सवय नाही. पण आज शेवटी उत्तर देणार आहोत, एवढा शब्द देतो.

आधी जागा कशा आहेत ते पाहू. मोंटाना हे राज्य क्षेत्रफळाने आपल्या महाराष्ट्राहून मोठे आहे, आणि २०२०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ११ लाखांच्याही खाली होती. म्हणजे अख्ख्या राज्यात आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी माणसे! बोझमन साधारण ४,८०० फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षा थोडे वर. मिसूला ३,२०० फुटांच्या आसपास. दोघांच्या मध्ये रॉकी पर्वतांचा मुख्य कणा आहे. महाबळेश्वरला आपण सांगतो ना, की इकडचे पाणी कृष्णेतून बंगालच्या उपसागराला आणि तिकडचे सावित्रीतून अरबी समुद्राला. तसेच इथे आहे. बोझमनजवळची गॅलॅटिन नदी मिसुरीला मिळते आणि ते पाणी शेवटी मेक्सिकोच्या आखातात जाते. मिसूलाची क्लार्क फोर्क नदी कोलंबियाच्या वाटेने पॅसिफिकला जाते. पाणी जसे दोन दिशांना गेले, तशी या दोन गावांतली विद्याही दोन दिशांना जावी असे कुणीतरी ठरवले होते. ते कुणी ठरवले आणि पुढे तसे झाले का, हा आजचा विषय.

आता १८८९ सालाकडे जाऊ. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मोंटाना राज्य झाले. १८९०च्या जनगणनेत तिथे सुमारे १ लाख ४३ हजार माणसे होती. नवे राज्य म्हणजे वाटायच्या गोष्टी पुष्कळ. राजधानी कुठे, तुरुंग कुठे, विद्यापीठ कुठे? राजधानीसाठी १८९२ मध्ये मतदान झाले तेव्हा सात गावे रिंगणात होती. त्या सातांत बोझमन होते, मिसूला नव्हते. शेवटची लढत १८९४ मध्ये हेलेना आणि अ‍ॅनाकोंडा यांच्यात झाली. एका बाजूला विल्यम क्लार्क, दुसऱ्या बाजूला मार्कस डेली, दोघेही तांब्याचे सम्राट. पैसा पाण्यासारखा वाहिला आणि हेलेना थोडक्यात जिंकली. ही चुरस चालू असतानाच, १८९३च्या अधिवेशनात, उच्च शिक्षणाचे वाटप झाले.

त्या वेळी एक शहाणा माणूस वेगळे सांगत होता. त्याचे नाव पॅरिस गिब्सन, ग्रेट फॉल्स या शहराचा संस्थापक. त्याचे म्हणणे असे, की एवढ्या लहान लोकसंख्येच्या राज्याने विद्येचे तुकडे करू नयेत. शेती, खाणकाम, शिक्षकांचे प्रशिक्षण, साहित्य, शास्त्र, सगळे एका छपराखाली ठेवावे. एकच पण बळकट विद्यापीठ करावे. आता ते विद्यापीठ ग्रेट फॉल्सलाच व्हावे असेही त्याला वाटत होते, हे सांगायला हवे. माणूस शहाणा असला म्हणून गाव सोडतो थोडाच! पण कल्पना म्हणून ती विचार करण्यासारखी होती. ती कुणी मानली नाही. राजधानीच्या लढाईत प्रत्येक गावाची मते हवी होती, आणि मते हवी असली की प्रत्येकाच्या पदरात काहीतरी टाकावे लागते. १६ फेब्रुवारी १८९३ला बोझमनच्या शेतकी महाविद्यालयाची स्थापना झाली. दुसऱ्याच दिवशी, १७ फेब्रुवारीला, मिसूलाच्या विद्यापीठाची. ब्यूट या खाणींच्या शहराला खाणकाम विद्यालय मिळाले, डिलनला शिक्षक-प्रशिक्षणाचे. चौघांना चार.

म्हणजे बघा, ज्ञानाची ही विभागणी कुठल्या तत्त्वचिंतकाने केली नाही. ती सभागृहातल्या देवघेवीतून झाली. पण एकदा झाल्यावर तिला तत्त्वाचे रूप आले. बोझमनला जे मिळाले ते ‘उपयोगाचे’ ज्ञान: शेती, यंत्रे, पशुवैद्यक. मिसूलाला जे मिळाले ते ‘उदार’ ज्ञान: साहित्य, इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान. दोन गावांच्या माथी दोन शिक्के बसले.

बोझमनच्या शिक्क्यामागे एक मोठा कायदा होता. १८६२चा मॉरिल कायदा. यादवी युद्ध ऐन भरात असताना लिंकनने त्यावर सही केली. तत्त्व असे, की प्रत्येक राज्याला त्याच्या संसद-सदस्यांच्या संख्येप्रमाणे, दर सदस्यामागे ३०,000 एकर, सरकारी जमीन द्यायची. ती विकून निधी उभा करायचा आणि त्यातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये चालवायची. कष्टकऱ्यांच्या मुलांना उच्च शिक्षण मिळावे हा हेतू. याच कायद्यात एक अट अशी आहे की इतर शास्त्रे आणि अभिजात विषय वगळायचे नाहीत. ती अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पण ‘सरकारी जमीन’ म्हणजे काय? ती सरकारकडे आली कुठून? मिसूला हे नावच सेलिश भाषेतून आलेले आहे. १८५५ मध्ये हेल गेट इथे सेलिश आणि त्यांच्या शेजारच्या जमातींशी करार झाला आणि बहुतेक प्रदेश त्यांच्या हातून गेला. मिसूलाच्या दक्षिणेला बिटररूट नावाचे सुंदर खोरे आहे. तिथले सेलिश, चार्लो या प्रमुखाच्या नेतृत्वाखाली, जागा सोडायला तयार नव्हते. अनेक वर्षे त्यांनी तग धरला. अखेर ऑक्टोबर १८९१ मध्ये, सैनिकांच्या देखरेखीखाली, त्यांना उत्तरेकडच्या राखीव प्रदेशात जावे लागले. त्यानंतर जेमतेम सोळा महिन्यांनी त्याच परिसरात उदार विद्येचे विद्यापीठ मंजूर झाले. बोझमनकडचे गॅलॅटिन खोरेही क्रो, ब्लॅकफूट, शोशोनी, सेलिश अशा अनेकांच्या शिकारीच्या वाटांवरचे. ज्या जॉन बोझमनच्या नावावर गाव आहे, तो सोन्याच्या शोधात निघालेल्या वसाहतवाल्यांना त्या प्रदेशातून घुसवणारा वाटाड्या. ही गोष्ट झाकून दोन्ही विद्यापीठांचे कौतुक करता येत नाही. उपयोगाचे ज्ञान असो की उदार ज्ञान असो, दोन्हींचा पाया इथे एकाच प्रकारच्या जमिनीवर घातला गेला.

सुरुवात मात्र दोन्हीकडे अगदी साधी. बोझमनचे महाविद्यालय भाड्याच्या जागेत सुरू झाले. पहिल्या दिवशी प्राध्यापक दोनच, एक फळबागा शिकवणारा आणि दुसरा व्यापारशिक्षणाचा. मिसूलाचे वर्ग १८९५ मध्ये एका शाळेच्या इमारतीत भरले. आपल्याकडच्या संस्थांच्या जन्मकथा आठवतात की नाही? वाड्यात भरलेले वर्ग, उसने आणलेले फळे.

आता शिक्क्यांचे काय झाले ते बघू. प्रथम बोझमन.

‘उपयोगाचे ज्ञान’ म्हणजे काय याचे सर्वात मोठे उदाहरण बोझमनने दिले आहे, आणि त्या माणसाचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. मॉरिस हिलमन. मोंटानातल्या शेतावर, कोंबड्या सांभाळत वाढलेला मुलगा. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून बोझमनच्या महाविद्यालयात शिकू शकला आणि १९४१ मध्ये पदवीधर झाला. पुढे या माणसाने ४० हून अधिक लसी विकसित केल्या किंवा त्या घडवण्यात प्रमुख वाटा उचलला. गालगुंडाची लस त्याने स्वतःच्या आजारी मुलीच्या घशातून घेतलेल्या विषाणूपासून तयार केली. गोवर, गालगुंड, रुबेला यांची एकत्रित लस त्याचीच. तुमच्या-आमच्या नातवंडांच्या दंडावर टोचलेल्या सुईमागे मॉरिल कायदा आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही. महाविद्यालय गावापासून दूर, महाग, श्रीमंतांपुरते राहिले असते तर हा मुलगा कुठेतरी दुकानात माल विकत बसला असता.

दुसरा माणूस एम. एल. विल्सन. बोझमनला शेतीचे अर्थशास्त्र शिकवायचा. १९१७ नंतर मोंटानात दुष्काळांची रांग लागली. फुकट जमिनीच्या आशेने आलेली हजारो कुटुंबे शेते टाकून निघून गेली. हे सगळे त्याने जवळून पाहिले. शेतकऱ्याने पेरा कमी करावा आणि त्याची भरपाई सरकारने द्यावी, ही योजना मांडणाऱ्यांत तो प्रमुख होता, आणि रूझवेल्ट सरकारच्या १९३३च्या शेतीविषयक कायद्यात ती आली. इथपर्यंत ठीक. शेतकी महाविद्यालयाच्या माणसाने शेतीचे काम केले. पण वॉशिंग्टनला शेती खात्यात गेल्यावर विल्सनने काय केले? त्याने गावोगावी शेतकऱ्यांची चर्चामंडळे सुरू करायला चालना दिली आणि कृषी विस्तार कार्यकर्त्यांसाठी चक्क तत्त्वज्ञानाची शिबिरे भरवली. त्याचे म्हणणे असे होते, की सरकारी योजना शेतकऱ्याच्या माथी मारायची नसेल तर लोकशाही म्हणजे काय, चांगले जगणे म्हणजे काय, यावर त्याच्याशी बोलता आले पाहिजे. ‘इतर विषय वगळू नयेत’ ही कायद्यातली अट या माणसाने जगून दाखवली.

आणि तिसरा, आमच्या विषयाचा. रॉबर्ट पर्सिग. ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ हे १९७४चे त्याचे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी तरुणपणी वाचले असेल. पर्सिगने काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता. वर्गात जग माया आहे असे सांगितले जात असताना, हिरोशिमावर पडलेला बॉम्बही मायाच का, हा प्रश्न त्याने विचारला. उत्तर ‘हो’ आले आणि तो तिथून निघाला, असे तो लिहितो. पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस तो बोझमनला आला. शिकवायचा काय? तत्त्वज्ञान नाही. शेतकी आणि अभियांत्रिकीच्या मुलांना निबंधलेखन! तिथे एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी जाता-जाता त्याला सुचवले, की तुमच्या विद्यार्थ्यांना ‘क्वालिटी’ शिकवा. गुणवत्ता. ती म्हणजे नेमके काय, या एका प्रश्नाने तो झपाटला आणि त्यातून ते पुस्तक निघाले.

त्या पुस्तकातला एक प्रसंग प्रत्येक प्रवाशाने वाचावा असा आहे. एका मुलीला निबंध लिहायचा होता, पण काही सुचेना. देशावर लिही, नाही जमले. बोझमन गावावर लिही, नाही जमले. गावाच्या मुख्य रस्त्यावर लिही, तेही नाही. तेव्हा मास्तर चिडून म्हणाला, त्या रस्त्यावरच्या ऑपेरा हाउसची एकच वीट घे, वरून डावीकडची पहिली, आणि तिथून सुरू कर. मुलगी समोरच्या हॉटेलात बसून लिहू लागली आणि पानेच्या पाने लिहून घेऊन आली. आधी ती दुसऱ्यांनी सांगितलेले आठवायचा प्रयत्न करत होती. विटेबद्दल कुणी काही सांगितलेलेच नव्हते, म्हणून तिला स्वतः बघावे लागले. ती इमारत आज उभी नाही. पण ज्याला आपण ‘निरुपयोगी’ प्रश्न म्हणतो, तो शेतकी महाविद्यालयाच्या वर्गात जन्मला, ही गोष्ट विसरू नका.

आता डोंगर ओलांडून मिसूलाला जाऊ. इथे उदार विद्या. कविता, इतिहास, तत्त्वज्ञान. म्हणजे जगापासून दूर, असा समज होणे साहजिक आहे. पण झाले काय?

जेनेट रँकिन ही मिसूलाजवळची मुलगी १९०२ मध्ये इथून जीवशास्त्र घेऊन पदवीधर झाली. १९१६ मध्ये ती अमेरिकी संसदेवर निवडून गेलेली पहिली स्त्री ठरली, आणि तेव्हा देशभरातल्या सगळ्या स्त्रियांना अजून मताचा हक्कही नव्हता! १९१७ मध्ये तिने युद्धाच्या विरोधात मत दिले. १९४१ मध्ये, पर्ल हार्बरनंतर, पुन्हा विरोधात दिले. त्या वेळी सभागृहात ती एकटी होती. त्या मतानंतर तिचे राजकारण संपले. गांधीजींच्या विचारांच्या ओढीने ती पुढे अनेकदा भारतात येऊन गेली.

त्याहून कमी माहीत असलेली, पण आम्हाला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट १९१९ची. लुई लेव्हिन हे मिसूलात अर्थशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी खाणींवरच्या कराचा अभ्यास केला. राज्यात अ‍ॅनाकोंडा कंपनीचे राज्य. तांबे तिचे, बरीचशी वर्तमानपत्रे तिची, पुढारीही पुष्कळसे तिचेच. लेव्हिन यांनी आकडे मांडून दाखवले की खाणी जेवढे कमावतात त्या मानाने कर फार थोडा भरतात, आणि ओझे शेतकऱ्यांवर पडते. विद्यापीठ-व्यवस्थेच्या प्रमुखाने, म्हणजे कुलपतींनी, आधी या कामाला उत्तेजन दिले होते. दबाव आल्यावर प्रकाशित करू नका म्हणून सांगितले. लेव्हिन यांनी पुस्तक बाहेरून छापून घेतले. त्यांना निलंबित करण्यात आले. गदारोळ झाला, चौकशी झाली, आणि त्याच वर्षी त्यांना परत घ्यावे लागले. ते फार काळ तिथे राहिले नाहीत. पण १९२४ मध्ये मतदारांनी खाणींवर कर वाढवणारा ठराव थेट मतदानाने मंजूर केला. आता सांगा, उपयोग कुणाचा झाला? ज्या शेतकऱ्यासाठी बोझमनचे महाविद्यालय होते, त्याच्या खिशाला मिसूलाच्या पुस्तकाने हात दिला.

१९७० मध्ये तसेच पुन्हा घडले. बिटररूट खोऱ्यात, होय, चार्लोच्याच खोऱ्यात, सरकारी वनखाते डोंगरच्या डोंगर सरसकट तोडत होते आणि उतारांवर पायऱ्या पाडत होते. मिसूलाच्या वनविद्या शाखेचे प्रमुख आर्नल्ड बॉल यांनी, सिनेटर ली मेटकाफ यांच्या विनंतीवरून, सहकाऱ्यांसह अहवाल लिहिला. तोड ही वनव्यवस्थापन म्हणून समर्थनीय नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांचे विद्यार्थी त्याच वनखात्यात नोकरीला होते, हे लक्षात घ्या! १९७६च्या राष्ट्रीय वनव्यवस्थापन कायद्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवर हा अहवाल एक मोठा टप्पा ठरला.

आणि त्याच साली, १९७० मध्ये, मिसूलात एक तत्त्वज्ञ शिकवायला आला. अल्बर्ट बोर्गमन, जन्माने जर्मन, फ्रायबुर्गचा. २०२३ मध्ये तो गेला. त्याचा विषय तंत्रज्ञान. त्याचे उदाहरण सांगतो, कारण ते आपल्याही घरातले आहे. पूर्वी घरात चूल किंवा शेगडी असायची. लाकूड कुणी आणायचे, जाळ कुणी घालायचा, हे ठरलेले. तिच्याभोवती माणसे जमायची, दिवसाला एक लय यायची. मग भिंतीतून ऊब देणारे यंत्र आले. ऊब मिळते, कष्ट गेले. पण शेगडीबरोबर जे जमत होते तेही गेले, आणि गेल्याचे कळलेही नाही. बोर्गमन यंत्रे मोडा म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की काही गोष्टी आणि काही सवयी आपण जाणूनबुजून केंद्रस्थानी ठेवल्या पाहिजेत: एकत्र बसून जेवण, संगीत, डोंगरातली पायपीट. गंमत बघा. बोझमनला यंत्राच्या दुरुस्तीत गुणवत्ता शोधणारा पर्सिग, आणि मिसूलाला यंत्राने काय हिरावले ते विचारणारा बोर्गमन. एकाच राज्यात, डोंगराच्या दोन बाजूंना, प्रश्न एकच.

म्हणजे १८९३चे शिक्के टिकले नाहीत. गमतीची गोष्ट म्हणजे नावेही टिकली नाहीत. १९६५ पर्यंत ‘मोंटाना स्टेट युनिव्हर्सिटी’ म्हणजे मिसूला आणि ‘मोंटाना स्टेट कॉलेज’ म्हणजे बोझमन. १९६५ मध्ये मिसूलाने ‘युनिव्हर्सिटी ऑफ मोंटाना’ हे नाव घेतले आणि जुने नाव बोझमनकडे गेले. जुनी कागदपत्रे वाचताना भले भले फसतात. दोन्ही गावांच्या डोंगरावर पांढरे भलेमोठे ‘एम’ अक्षर आहे. दोन्ही विद्यापीठे १८९७ पासून एकमेकांशी फुटबॉल खेळतात आणि त्या दिवशी अख्खे राज्य दुभंगते. वाटपातून भांडण येते, आणि भांडणातून आपलेपणाही येतो.

हे वाटपाचे भांडण आपल्याला परके नाही. मॉरिल कायद्याचा नमुना पुढे भारतात आला. १९६० मध्ये पंतनगरला इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने पहिले कृषी विद्यापीठ झाले. महाराष्ट्रात ते कुठे व्हावे? १९६७ मध्ये यावरून विदर्भात मोठे आंदोलन पेटले. अखेर राहुरीला १९६८ मध्ये, अकोल्याला १९६९ मध्ये, परभणी आणि दापोलीला १९७२ मध्ये, अशी चार विद्यापीठे झाली. चौघांना चार! त्याच्याही कितीतरी आधी वर्ध्याचा एक क्रांतिकारक या परंपरेत शिकून गेला होता. डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतला हा माणूस वॉशिंग्टन राज्यातल्या शेतकी शिक्षणाच्या सरकारी महाविद्यालयातून १९१३ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडला आणि पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन करत, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवत राहिला. दिएगो रिवेराने त्याला आपल्या भित्तिचित्रात चितारले. बंदूक आणि बियाणे, दोन्ही एकाच हातात. त्याला कुणी विचारले असते, तुझे ज्ञान उपयोगाचे की उदार, तर तो काय म्हणाला असता?

आम्ही हे आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात विद्यार्थी कमी झाले की विभाग बंद करण्याची भाषा सुरू होते. ‘उपयोग काय?’ हा प्रश्न आम्ही नोकरीभर ऐकला. प्रश्न वाईट नाही. फक्त त्याचे उत्तर देणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते, ही अडचण. बोझमन आणि मिसूला यांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास सांगतो की कुठल्या वर्गातून काय बाहेर पडेल हे कुठल्याही विधिमंडळाला ठरवता आलेले नाही. शेतकी महाविद्यालयातून तत्त्वज्ञान निघाले, कलाशाखेच्या गावातून करआकारणी आणि जंगलाचा कायदा निघाला. हे का शक्य झाले? कारण दोन्ही ठिकाणी दुसऱ्या विद्येला दारात उभे राहण्याइतकी तरी जागा होती. बोझमनला निबंध शिकवला जात होता, मिसूलाला वनविद्या. ती जागा बंद केली की मग शिक्का खरा होतो. गिब्सनची एका छपराची कल्पना हरली खरी, पण दोन्ही गावांनी आपापल्या छपराखाली तिचा थोडा अंश जपला.

आता शब्द दिल्याप्रमाणे उत्तर. आमचे मत असे: जे गाव तुमच्या विद्येचे नाही, तिथे जा.

तुमच्या घरात अभियंते, डॉक्टर, शेतीतज्ज्ञ असतील, तर मिसूलाला जा. सकाळी माउंट सेंटिनेलच्या ‘एम’पर्यंत चढा. समोरच्या आणि पायाखालच्या उतारांवर आडव्या रेषा दिसतील. त्या हिमयुगातल्या प्रचंड सरोवराच्या किनाऱ्यांच्या खुणा आहेत. बर्फाचा बांध फुटला की ते सरोवर रिकामे व्हायचे आणि महापूर पश्चिमेकडे धावायचा. एखाद्या पूरानेच तो प्रदेश कोरला असणार, असे जे हार्लेन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञाने १९२३ पासून सांगितले; त्याची टर उडवली गेली, आणि नव्वदी ओलांडल्यावर, १९७९ मध्ये, त्याला भूशास्त्रातले मोठे पदक मिळाले. दुपारी उत्तरेला फ्लॅटहेड राखीव प्रदेशातल्या गव्यांच्या कुरणाकडे जा. १९०८ मध्ये सरकारने घेतलेली ती जमीन २०२०च्या अखेरच्या कायद्याने सेलिश आणि कुटनाई जमातींकडे परत गेली आहे. जमीन परत जाऊ शकते, हे तिथे डोळ्यांनी पाहता येते.

आणि तुम्ही साहित्याचे, इतिहासाचे, आमच्यासारखे नुसत्या चर्चेचे असाल, तर बोझमनला जा. यलोस्टोन तिथून दीड-दोन तासांवर आहे, ते होईलच. पण आधी विद्यापीठाच्या म्युझियम ऑफ द रॉकीजमध्ये अर्धा दिवस काढा. तिथल्या डायनासोरांच्या संग्रहामागे जॅक हॉर्नर या संशोधकाचे मोठे काम आहे. अंडी आणि पिल्ले सांभाळणाऱ्या डायनासोरांचा शोध ज्याने जगासमोर आणला, तो हा माणूस. वाचनदोषामुळे त्याला मिसूलाच्या विद्यापीठात पदवी पूर्ण करता आली नव्हती. बघा, एका गावाच्या परीक्षेत जो बसला नाही, त्याला दुसऱ्या गावाने संग्रहालय दिले. मग तासाभराच्या आत थ्री फोर्क्सला जा, जिथे तीन नद्या मिळून मिसुरी सुरू होते. आणि संध्याकाळी बोझमनच्या मुख्य रस्त्यावर एखाद्या जुन्या इमारतीसमोर बाकावर बसा, वरून डावीकडची एक वीट निवडा, आणि फोन खिशात ठेवून पाच मिनिटे बघा.

दोन्ही गावे पाहायला मिळाली तर उत्तमच. मधल्या ३२० किलोमीटरमध्ये ब्यूटच्या खाणीही लागतात. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी स्वतंत्र बोलू. तुमचे प्रश्न आता घेतो.